सल्ला हवा: आईला ल्युटेशियम थेरपी (पीआरआरटी) सांगितली आहे, नाशिकहून मुंबईला न्यायचं आहे

पिंपळगावचा_किरण
नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षबाग आहे. आई ६३ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) निघाला. ऑपरेशन झालं, पण तोवर यकृतात गाठी पोचल्या होत्या. बायॉप्सीत केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचं माप) ४ टक्के. गाठी आणि जुलाब आटोक्यात ठेवायला दर महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन चालू आहे, तरी आता गाठी वाढतायत. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईला जाऊन पीआरआरटी, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी ल्युटेशियम देण्याचा उपचार, करून घ्यायला सांगितलंय. कुठे न्यावं, काय तयारी करावी? आणि घरात माझी सव्वादोन वर्षांची मुलगी आहे, ती आजीच्या कुशीतच झोपते. हे औषध दिलं की माणसाजवळ जाताच येत नाही, असं कुणीतरी आईच्या कानावर घातलंय. तेव्हापासून ती नकोच म्हणतेय.

सातपूरकर
परळला टाटा मेमोरियलमध्ये जा. त्यांच्याच अॅनेक्स इमारतीत बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं. तिथे हे उपचार होतात. गर्दी असते, नंबर लागायला वेळ लागतो, हे धरून चला. बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स सोबत न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

इंदिरानगरची_स्मिता
किरणदादा, माझ्या मिस्टरांच्या याच थेरपीच्या चारही सायकल (फेऱ्या) झाल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

कुठे न्यायचं हे नंतर. आईचा गॅलियमचा पेट स्कॅन, डोटाटेट किंवा डोटानॉक, झालाय का? थेरपीचं औषध गाठीवर बसेल का, ते त्यात दिसतं. या औषधात ल्युटेशियम-१७७ एका पेप्टाइडला (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला) जोडलेलं असतं. ते पेप्टाइड पेशीवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरला (औषध पकडणाऱ्या जागेला) जाऊन चिकटतं. ल्युटेशियमचे बीटा किरण शरीरात फार तर दोनेक मिलिमीटर जातात, त्यामुळे मार मुख्यतः गाठीलाच बसतो. पण गाठीवर ते रिसेप्टर असायला हवेत ना! स्कॅनमध्ये गाठी निरोगी यकृतापेक्षा जास्त उजळलेल्या दिसल्या पाहिजेत. फिक्या दिसल्या, तर कितीही मोठ्या दवाखान्यात नेलं तरी औषध तिथे बसणार नाही. नेहमीचा एफडीजी पेट स्कॅन (साखरेसारखं द्रव्य टोचून काढतात तो) वेगळा, त्यावरून हे कळत नाही. मग किडनी आणि रक्त: क्रिएटिनिन, डीटीपीए स्कॅन (किडनी किती काम करते ते दाखवणारा), हिमोग्लोबिन, प्लेटलेट. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीला जपतात.

आमचं चुकलं ते महिन्याच्या इंजेक्शनात. तेही त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणून थेरपीच्या किमान चार आठवडे आधी ते थांबवावं लागतं. आम्हाला इथल्या दवाखान्यात कुणीच सांगितलं नाही. बारा दिवसांपूर्वीच इंजेक्शन घेतलेला माणूस घेऊन मुंबईला पोचलो आणि तारीख पुढे गेली. त्या रात्री कसाऱ्याचा घाट चढताना आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. मधल्या काळात जुलाब वाढले, तर थोडा वेळ टिकणारं ऑक्ट्रिओटाइड देतात, तेही थेरपीच्या २४ तास आधी बंद. तुम्ही हे आजच दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारा.

प्रत्यक्ष दिवस सोपा असतो. किडनीसाठी लायसिन-आर्जिनिनचं सलाईन चारेक तास चालतं, मळमळ होते ती त्यानेच. उलटीवरचं इंजेक्शन आधीच मागून घ्या. ल्युटेशियम शिशाच्या जाड डब्यातून आणलं, अर्ध्या तासात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकजण किरणोत्सार मोजायचं यंत्र घेऊन आले, पलंगापासून मीटरभर अंतरावर उभं राहून आकडा पाहिला, कार्डवर लिहिला आणि घरी सोडलं. दोन सायकलींत आठ आठवड्यांचं अंतर. मधल्या रक्ततपासण्या नाशिकलाच केल्या.

आता नातीचं. आम्हाला लहान मुलापासून एक आठवडा लांब राहायला सांगितलं होतं. तुम्हाला मिळालेल्या कार्डावर जितके दिवस लिहिले असतील, तितके पाळा. घरात कुणी गरोदर असेल तर ते आधी सांगा. मी खोलीच्या फरशीवर खडूने रेघ मारली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. तो रेघेच्या अलीकडे बसून बाबांना चित्रं दाखवायचा, बाबा पलीकडून विचारायचे, हत्तीला शेपूट कुठाय? आठव्या दिवशी त्याने स्वतःच पायाने रेघ पुसली. संडास शक्यतो वेगळा ठेवा, बसूनच लघवी, दोनदा फ्लश, पाणी भरपूर, कपडे वेगळे धुवायचे. ताट देताना हाताला हात लागला म्हणून काही होत नाही. माणूस वाळीत टाकल्यासारखा राहू देऊ नका.

गाठी नाहीशा होतील असं मात्र आईला सांगू नका. लहान आतड्याच्या अशाच आजारावर मोठी चाचणी झाली होती, नेटर-१. २० महिन्यांनंतर आजार न वाढलेले रुग्ण ल्युटेशियम घेणाऱ्यांत सुमारे ६५ टक्के होते, नुसतं ऑक्ट्रिओटाइड वाढवून घेणाऱ्यांत ११. आमच्या गाठी आहेत तेवढ्याच आहेत. पण दिवसाला आठ वेळा जावं लागायचं ते दोनवर आलंय, आणि हे परत दुकानात बसतात.

देवळालीचा_मनोज
स्मिताताईंच्या पहिल्या मुद्द्याला दुजोरा. आमच्या अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. तिथे पीएसएमए नावाच्या प्रथिनाला चिकटणारं ल्युटेशियम देतात, सहा आठवड्यांच्या अंतराने. दोन सायकलमध्ये कंबरदुखी खूप उतरली, तोंड मात्र कोरडं पडायचं, भाकरी दुधात कुस्करून खायचे. पुढे यकृतात नव्या गाठी आल्या. त्या एफडीजी स्कॅनवर उजळल्या, पीएसएमए स्कॅनवर नाही. डॉक्टरांनी तिसरी सायकल दिली नाही. तेव्हा राग आला होता. नंतर समजलं, त्या माणसाने आमचे पैसे आणि अण्णांचं उरलेलं बळ वाचवलं. खर्चाचा अंदाज लेखी घ्या: औषध, मुक्काम, स्कॅन वेगवेगळे लिहून. जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा.

न्यूक्लिअर_टेक
मी याच विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. ल्युटेशियम-१७७ चं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) साडेसहा दिवसांच्या आसपास. डोस तुमच्या तारखेच्या हिशेबाने मागवलेला असतो, फ्रीजमध्ये महिनाभर ठेवता येत नाही. म्हणून आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. जाताना पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलात तरी चालेल, येताना मात्र स्वतःची गाडी. आई मागच्या सीटवर एका कोपऱ्यात, बाकीचे पुढे. लगेच निघणार नसाल आणि धर्मशाळेत राहणार असाल, तर थेरपीच्या आधीच हॉस्पिटलच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला सांगा. एका खोलीत सहा-आठ जण झोपतात, तिथे अंतर राखता येत नाही.
गॅलियमचं अर्धायुष्य तर ६८ मिनिटांचं, त्यामुळे तो स्कॅन बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारीच होतो. फोन करून वार विचारा.

पिंपळगावचा_किरण
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री फाईल काढली. आईचे दोन्ही स्कॅन एफडीजीचेच निघाले, डोटाटेट झालेलाच नाही. सकाळी डॉक्टरांना फोन केला. पुढचं इंजेक्शन त्यांनी थांबवलंय, आधी स्कॅन करू म्हणाले. ऑक्टोबर छाटणी भाऊ सांभाळणार आहे.
स्मिताताई, तुमचा खडूचा भाग आईला मोठ्याने वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रेघ पडवीत मारा, तिथे छकुलीला ऊन लागत नाही.