हेल्मेट वापरात नसताना कसं ठेवायचं? (नाशिक) सल्ला हवा आहे

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदिरानगरला राहतो. घरात चार हेल्मेट आहेत. माझं फुल फेस, बायकोचं ओपन फेस, मुलीचं सायकलचं आणि एक मागे बसणाऱ्यासाठी जास्तीचं. हे जास्तीचं 2021 मध्ये घेतलं. 15 ऑगस्टपासून शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू झालं, त्या आठवड्यातली खरेदी.

दोन वर्षांपासून माझं काम घरूनच चालतं. गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी निघते, आणि पावसाळ्यात ती पण नाही. म्हणून जूनमध्ये माझं आणि जास्तीचं अशी दोन हेल्मेट प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली, घट्ट गाठ मारली आणि माळ्यावर ठेवून दिली. दसऱ्याला गाड्या धुवायच्या म्हणून खाली काढली. गाठ सोडताच कुबट वास आला. माझ्या हेल्मेटच्या गालाच्या गाद्यांवर पांढरट हिरवी बुरशी, बक्कलवर गंजाचे ठिपके. दुसऱ्याचा आतला स्पंज तर बोट लावलं की काळा भुगा होऊन गळतोय.

अजून एक. झुरळं होऊ नयेत म्हणून आईने त्या जास्तीच्या हेल्मेटमध्ये डांबरगोळ्या टाकल्या होत्या. कापड वर करून पाहिलं, तर गोळी जिथे टेकली होती तिथे आतल्या थर्माकोलला वाटाण्याएवढा खळगा पडलाय आणि कडा चिकट लागतात. हे गोळीमुळेच झालं असेल का? हेल्मेट अजून चालेल का? आणि मुख्य म्हणजे पुढच्या पावसाळ्यात नीट ठेवायचं कसं? मुलगी आता माझ्यामागे बसून क्लासला जाते, त्यामुळे जिवाला घोर लागलाय.

सातपूरकर

गोदाकाठ, खळगा पडलेलं हेल्मेट मुलीला देऊ नका. कुणालाच देऊ नका. बाकीचं नंतर वाचा, आधी ते बाजूला काढा.

मी कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो, म्हणून जरा लांबण लावतो. वरचं कवच कठीण असतं, ते मार पसरवतं आणि अणकुचीदार वस्तू आत घुसू देत नाही. पण डोकं खरं वाचवतो तो आतला थर्माकोल, म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन. डोकं आपटतं तेव्हा तो चेपला जातो, आणि त्या चेपण्यात डोकं थांबायला क्षणाचा काही भाग जास्त मिळतो. सगळा खेळ तेवढ्यावर आहे. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा अपघात झालेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद समजायचं.

आता गोळीचं. डांबरगोळीतून जी वाफ सुटते ती पॉलिस्टायरीनला मऊ करते. बंद पिशवीत चार महिने, वर माळ्यावरची उष्णता, मग खळगा पडणारच. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हे याहून वाईट. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घ्या, आसपास ज्योत नाही हे बघून त्यावर चार थेंब पेट्रोल टाका. तुकडा बसत जातो आणि खाली चिकट लगदा उरतो. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवतो, त्यानंतर कुणी हेल्मेट पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवत नाही.

आईंना दोष देऊ नका. गोळ्या कपड्यांच्या कपाटात घालायची घरोघरची सवय, त्यांनी काळजीनेच केलं.

आणि टाकून देताना पट्टे कात्रीने कापा. तसंच भंगारात दिलं तर पुसून पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर चढेल.

निफाडची_सून

सातपूरकर दादांनी वाफेचं लिहिलं, म्हणून आमच्याकडचं सांगते. आमची द्राक्षबाग आहे. ह्यांचं हेल्मेट वर्षानुवर्षं फवारणीच्या औषधांच्या खोलीत खुंटीला असायचं, कारण गाडी तिथेच लागते. बरीच औषधं ईसी प्रकारची, पाण्यात टाकली की दुधासारखी पांढरी होणारी. त्यात तेलकट सॉल्व्हंट असतो. खोलीत पाऊल टाकलं की नाकात झिणझिण्या येतात, आणि तोच वास हेल्मेटच्या कापडात मुरलेला. तेच कापड दिवसभर गालाला लागून राहणार. मी एक दिवस ते उचलून घरात आणलं आणि देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात जागा करून दिली. बागवाल्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, औषधांच्या खोलीत हेल्मेट नको.

दुसरी गोष्ट प्राण्यांची. मळ्यात हेल्मेट आठ दिवस पडून राहिलं की कुणीतरी त्यात घर करतंच. कुंभारमाशीने हवेच्या छिद्रात मातीचं घरटं केलेलं मी स्वतः काडीने काढलंय. उंदीर थर्माकोल कुरतडून त्याचे पांढरे मणी करून ठेवतो. मागच्या थंडीत सासऱ्यांनी हेल्मेट उचललं तर मानेकडच्या गादीच्या मागे विंचू! त्यांची जुनी सवय म्हणून वाचले: आधी उलटं धरून दोनदा थापटायचं, मग मोबाईलच्या उजेडात आत बघायचं, गाद्यांच्या मागे सुद्धा. शहरात झुरळ किंवा कोळी निघेल, पण ती चालत्या गाडीवर डोळ्यासमोर आली तरी तोल जायला पुरेसं आहे.

पंचवटीवाला

माझं हेल्मेट आणि गाडीच्या सामानाचं छोटं दुकान आहे. बुरशीवर लिहितो, पावसाळा संपला की रोज दोन-तीन जण हेच घेऊन येतात.

गाद्या निघणाऱ्या असतील तर आधी मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे कुठलं बटण कुठे ते परत लावताना समजेल. मग गाद्या उन्हात धरून कोरड्या ब्रशने बुरशी झाडा, पण घराबाहेर आणि नाकाला रुमाल बांधून. कोमट पाण्यात लहान बाळाचा शाम्पू घालून अर्धा तास भिजवा आणि हाताने दाबून दाबून धुवा. पिळू नका, स्पंज आतून फाटतो. वॉशिंग मशीन नको, ब्लीच नको, कपड्यांची कडक पावडर तर नकोच, कारण ती राहिली तर घामाबरोबर कपाळावर खाज आणते. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत पंख्याखाली वाळवायचं. नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत एक दिवस पुरतो, जुलैत तीन दिवस लागतात. हेअर ड्रायर मारू नका. दोनदा धुऊनही वास राहिला तर गाद्याच बदला. बऱ्याच कंपन्यांच्या सुट्या गाद्या मिळतात, फक्त मॉडेल आणि साइज तेच हवं.

कवचाच्या आत पाण्याचा पाइप लावू नका. ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. बाहेरूनही साधा शाम्पू आणि पाणी, बस्स.

काचेबद्दल हात जोडून विनंती. व्हायझर ही काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक असतं. आरसे पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारला की त्यावर केसासारख्या बारीक रेषा येतात, आणि रात्री द्वारकेच्या चौकात समोरच्या दिव्याचा प्रकाश त्या रेषांवर फुटून पुढचं काहीच दिसत नाही. रॉकेलने पुसणारे पण भेटतात, तेही तसंच घातक. किडे चिकटले असतील तर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं वर टाकून ठेवा, ते आपोआप सुटतात. नखाने खरवडू नका.

जाता जाता: डोक्याला तेल लावून हेल्मेट घालत असाल तर आत सुती रुमाल किंवा टोपी घाला. तेल स्पंजमध्ये मुरतं, बुरशीला तेच खायला मिळतं.

सायकलवेडी

मुलीच्या सायकल हेल्मेटकडे पण लक्ष द्या, काका. 2015 मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर माझ्यासारखे कितीतरी जण सायकलवर आले. हेल्मेट सगळ्यांनी घेतली, पण सांभाळायची कशी ते कुणी सांगितलं नाही.

सायकलच्या हेल्मेटचं कवच फार पातळ असतं, थर्माकोल जवळजवळ उघडाच. सगळ्यात जास्त ते खराब होतं कारमध्ये. पहाटे पांडवलेण्यापर्यंत राइड, नंतर हेल्मेट मागच्या काचेखाली आणि गाडी दिवसभर ऑफिसच्या उन्हात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेर चाळिशी गाठते, मग बंद गाडीत काचेखाली किती भाजत असेल! माझ्या पहिल्या हेल्मेटचं कवच कडेने सुटून वर आलं होतं, मधे नख जायचं. नुसतं उन्हाने, एकदाही न पडता.

डासांचं मलम किंवा स्प्रे लावलेल्या हाताने पण हेल्मेट धरू नका. त्यातलं डीईईटी हे डास पळवणारं रसायन पॉलिकार्बोनेटला खातं. आधी हेल्मेट, मग मलम, मग हात पुसा.

मेरीकर

एवढं सगळं पाळायचं म्हटलं तर अवघड आहे असं मला मनापासून वाटतं. माझं हेल्मेट आठ वर्षं झाली, जिन्याखाली खुंटीला पट्ट्याने टांगलेलं असतं. ना बुरशी, ना वास. हवा लागते एवढंच. बाकी खर्च कशाला?

सातपूरकर

मेरीकर, हवेचं तुमचं शंभर टक्के बरोबर. मोकळ्या हवेची खुंटी ही प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा केव्हाही चांगली. पण आठ वर्षं म्हणजे आता बदला. हेल्मेट तपासणारी अमेरिकेतली संस्था, स्नेल फाउंडेशन, पाच वर्षांनी बदला म्हणते. घाम, तेल, ऊन आणि स्वच्छ करायची द्रव्यं यांनी गोंद, स्पंज, पट्टा सगळंच हळूहळू थकतं. आतली गादी उचलून बघा, लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष सापडेल. पट्टा शिवणीपाशी दुमडून बघा, धागे तुसासारखे वर आलेत का. बक्कल लावून जोरात ओढा. आमच्या एका कामगाराच्या बक्कलमध्ये धूळ आणि घामाचा थर बसला होता. टक् असा आवाज यायचा, पण जीभ पूर्ण आत जात नव्हती. सातपूरहून घरी जाताना खड्ड्यात गाडी उडाली आणि हेल्मेट त्याच्याआधी रस्त्यावर गेलं. तो वाचला, पण कपाळावरची टाक्यांची खूण अजून दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये सुद्धा हेल्मेट पट्ट्याने नीट बांधलेलं असावं असंच म्हटलंय, नुसतं डोक्यावर ठेवलेलं नाही.

कारखान्यातली हेल्मेट वेगळी, आयएस 2925 या भारतीय मानकाची. त्यांच्या आत गोलात बाणाची खूण असते, ती बनवल्याचा महिना-वर्ष दाखवते. उन्हात राहून राहून रंग उडाला, बोट फिरवल्यावर खडूसारखी पूड लागली, की बाद. त्यावर रंग देऊ नका, नावासाठी गरम सळईने छिद्र तर अजिबात नको. दुचाकीला मात्र आयएस 4151 चा आयएसआय शिक्काच हवा. कारखान्याची पिवळी टोपी घालून गाडी चालवणारे अंबडला रोज दिसतात, जीव तुटतो.

टांगताना फक्त आरशावर नको. आरशाचं टोक आतल्या थर्माकोलला रोज एकाच जागी टोचतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा रविवार यातच गेला.

जास्तीच्या हेल्मेटचे पट्टे कापले आणि ते मोडीत काढलं. मुलीसाठी आयएसआय शिक्का आणि तारीख बघून नवीन आणलं, तिला दुकानात घालायला लावून, मान हलवून घट्ट बसतंय ना हे बघून. माझ्या गाद्या पंचवटीवाल्यांच्या पद्धतीने धुतल्या. पहिलं पाणी चहासारखं निघालं, चौथं स्वच्छ. वास गेला. बक्कलचा गंज मात्र आतपर्यंत होता, स्प्रिंग अडकत होती. म्हणून ते पण आता वापरणार नाही, पुढच्या पगाराला बदलेन. सायकलवाल्याचं कवच तपासलं, ठीक आहे. ते कारमधून घरात आलं.

आता जागा ठरवली ती हॉलच्या कपाटातला वरचा खण, जिथे ऊन येत नाही आणि फिनेल, रंग, डांबरगोळी काहीच नाही. जाळीचं दार आहे, त्यामुळे हवा खेळते. आईने स्वतःहून जुनी सुती नऊवारी काढून तिच्या नाडीवाल्या पिशव्या शिवायला घेतल्या आहेत. डांबरगोळ्यांचं कळल्यावर तिला फार वाईट वाटलं होतं, आता तिनेच पावसाळ्यात दर सोमवारी हेल्मेट बाहेर काढून पंख्याखाली ठेवायचं काम अंगावर घेतलंय. एकच शंका: पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर चालेल का?

पंचवटीवाला

चालेल. पण हेल्मेट पूर्ण कोरडं करूनच पिशवीत घाला, त्या पुड्या ओला स्पंज वाळवू शकत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी बदला आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पावसातून भिजून आलात तर पहिल्या रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सकाळी काढून टाका.

निफाडची_सून

आईंना सांगा, साडीला खळ असेल तर पिशवी शिवायच्या आधी गरम पाण्यातून काढून घ्या. खळ राहिली तर झुरळं त्या वासानेच येतात.