मदत हवी आहे: चाचणीत पहिलं आलेलं टर्मिनल टाइप करताना जड का वाटतं?

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर दिवसाचे सात-आठ तास टर्मिनलमध्येच (कमांड टाइप करायच्या खिडकीत) जातात. विम एडिटरमध्ये लिहिणं, गिट, लॉग चाळणं, सगळं तिथेच. गेल्या महिन्यात जुनं टर्मिनल सोडलं आणि ग्राफिक्स कार्डवर चित्र काढणारं एक नवं घेतलं. त्यात टॅब नाहीत, म्हणून सोबत टीमक्सही (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) वापरायला लागलो. टर्मिनलांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'तुमचं वाईट, आमचं चांगलं' यातच धागा शंभरी गाठेल आणि माझा प्रश्न बाजूला राहील.

वेग मोजायला आधी हायपरफाइन (कमांडला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) वापरलं. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे आले. तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं, की हायपरफाइन कमांडचं आउटपुट पडद्यावर जाऊच देत नाही, परस्पर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचरापेटीत, ओतून टाकतं. ते दाखवायचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. म्हणजे मी टर्मिनल सोडून बाकी सगळं मोजत होतो. हसा.

मग साधा मार्ग धरला. सीक कमांडने १ ते १० लाख आकडे एका फाइलमध्ये लिहिले (६८,८८,८९६ बाइट्स झाले), ती फाइल कॅट कमांडने पडद्यावर ओतली आणि टाइम कमांड लावून वेळ पाहिली. खिडकीचा आकार तोच, फॉन्ट तोच, टीमक्स बंद, पहिली खेप धरली नाही. नवं टर्मिनल सहज जिंकलं. जुन्याला चौपटीहून जास्त वेळ लागला.

आणि तरीही विममध्ये लिहायला बसलो की नवंच जड वाटतं. अक्षर बोटाच्या मागून येतंय असं. 'जे' दाबून धरून खाली गेलो आणि बोट उचललं, तर कर्सर आणखी एखादी ओळ उतरून मग थांबतो. एस्केप मारलं तर त्याहून वाईट: खालचा 'इन्सर्ट' शब्द (टाइप करायची अवस्था चालू असल्याची खूण, एस्केपने लगेच जायला हवी) चांगला अर्धा सेकंद तिथेच बसलेला असतो.

हा मनाचा खेळ आहे का? नसेल तर मोजायचा कसा?

प्रतिसाद – जुनं खोड

मनाचा खेळ नाही. दोन वेगळ्या गोष्टींना तुम्ही एकच 'वेग' म्हणताय. कॅटच्या चाचणीत कळतं ते थ्रूपुट, म्हणजे टर्मिनल पीटीवायमधून (प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांना जोडणाऱ्या नळीतून) बाइट्स किती भराभर उपसतं ते. टाइप करताना जाणवते ती लेटन्सी: कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ. पाइप जाड आहे म्हणून नळ उघडताक्षणी पाणी येतंच असं नाही.

शिवाय कॅटचा आकडा जरा फसवाच असतो. समजा तुमच्या दहा लाख ओळी पाव सेकंदात संपल्या. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा रंगणारा, पडदा तेवढ्या वेळात १५ वेळा रंगतो. खिडकीत ५० ओळी मावत असतील तर फार तर ७५० ओळी तुमच्यासमोर आल्या, बाकीच्या न रंगवताच वर सरकल्या. यात लबाडी काही नाही, कोण वाचणार होतं त्या? पण टाइमचं घड्याळ कॅटने शेवटचे बाइट्स पुढे ढकलले की थांबतं, ते रंगवून झाले की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ॲलाक्रिटी टर्मिनलवाल्यांचं व्हीटीईबेंच हे चाचणीचं साधनही उपसण्याचाच वेग मोजतं, आणि लेटन्सी यात धरलेली नाही असं त्यांनीच त्याच्या माहितीत स्वच्छ लिहून ठेवलंय.

लेटन्सी वाढते ती वाट बघण्यात. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. व्हीसिंक (चित्र पडद्याच्या फ्रेमशी जुळवून पाठवणं) चालू असेल तर पुढच्या फ्रेमपर्यंत थांबा, कंपोझिटर (सगळ्या खिडक्यांचं एकत्र चित्र जुळवणारा प्रोग्रॅम) मध्ये असेल तर कदाचित आणखी एक. काही टर्मिनलं तर जाणूनबुजून थांबतात. किटी टर्मिनलच्या मूळ सेटिंगमध्ये इनपुटसाठी ३ आणि पुन्हा रंगवण्यासाठी १० मिलिसेकंदांची उसंत आहे. अर्धवट चित्र दिसू नये आणि प्रोसेसरची दमछाक होऊ नये, म्हणून. १९८४ पासूनचं एक्सटर्म टर्मिनल असले लाड करत नाही. म्हणूनच ते म्हातारं लेटन्सीत अजून भल्याभल्यांना मागे टाकतं.

मोजायला टायपोमीटर आहे, ते स्वतःच कळा दाबतं आणि पडदा टिपतं. नाहीतर फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंद. कळ तळाला टेकल्यापासून अक्षर दिसेपर्यंत फ्रेम मोजा. कीबोर्ड आणि मॉनिटरचा वेळही त्यात येतो, पण तो दोन्हीकडे सारखाच, तेव्हा फक्त फरक बघा. एका कळेवर निकाल लावू नका, वीसेक तरी दाबा.

प्रतिसाद – रात्रपाळी

अहो, एस्केपचं टर्मिनलवर कशाला ढकलताय? ते टीमक्स आहे! बाणांच्या कळाही एस्केपनेच सुरू होणारा संकेत पाठवतात, त्यामुळे एस्केप आलं की मागून आणखी काही येतंय का याची टीमक्स वाट बघतं. किती, ते एस्केप-टाइम या सेटिंगवर. जुन्या आवृत्त्यांत ते ५०० मिलिसेकंद असायचं. १० करून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष एकीलाच दिलात.

प्रतिसाद – कोपऱ्यातला

ग्लक्सइन्फो कमांडमध्ये रेंडररचं (चित्र काढणाऱ्याचं) नावही बघून घ्या. 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर ग्राफिक्स कार्ड बाजूलाच राहिलंय आणि सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे बऱ्याचदा होतं.

धागाकर्ता

रात्रपाळी, साष्टांग. टीमक्स जुनंच निघालं, ५०० चं १० केलं आणि 'इन्सर्ट' एस्केपसरशी गायब. रेंडरर ठीक आहे, कार्डच वापरलं जातंय.

व्हिडिओही काढला. टीमक्सशिवाय, दोन्हींमध्ये वीस-वीस कळा. नवं बहुतेक वेळा चार-पाच फ्रेम मागे, म्हणजे साधारण २० मिलिसेकंद. मजा म्हणजे हा फरक दर कळेला सारखा नाही, कधी एक फ्रेम तर कधी सात. माझ्या बोटांना उशिरापेक्षा ही चंचलता जास्त खुपत असावी.

आता व्हीसिंक बंद करून पुन्हा मोजणार आहे. जुनं खोड, एक विचारतो: मध्ये कंपोझिटर असताना टर्मिनलचा व्हीसिंक बंद केला तर चित्र फाटतं (अर्धं जुनं, अर्धं नवं दिसतं) का, की ते कंपोझिटरच सांभाळून घेतो?