दोन घरं, एक मावशी: नाशिककरांनो, पद्धत सांगा

बाळंतपणाची रजा 26 आठवडे. रजेचा पाचवा महिना उजाडल्यावर शोधाशोध केली की बाळ सांभाळायला मिळेल त्या मावशीवर भागवावं लागतं. भरवशाची मावशी दोन घरांत मिळून ठेवणाऱ्यांनी लिहा. किस्से नकोत, ठरवलं कसं तेवढंच.

इंदिरानगर
मावशीच्या आधी घर जुळवा. सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच टाकायचं: बाळ किती महिन्यांचं, कोणते वार, किती ते किती, कुठल्या भागात. फोटो आणि फ्लॅट नंबर नको. लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावरही चांगली घरं भेटतात. पहिला प्रश्न सुट्टीच्या वाराचा. एका घराला शनिवारी सुट्टी, दुसऱ्याला रविवारी, म्हणजे मावशीला एकही वार मोकळा नाही. बँकवाल्यांचा तर दुसरा-चौथा शनिवारच. दोन घरांत चालत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको.

पाथर्डी फाटा
पैशाचं बोलते. समजा, एका बाळाचे रोज 9 तासांचे महिन्याला 12,000 घेतात. दोघांचे 18,000 धरा, म्हणजे घरटी 9,000. 12 चे सहा-सहा करायला गेलात तर मावशी महिन्याभरात दुसरं घर बघते, आणि तिचं बरोबरच आहे. एका घराला रोज तासभर आधी हवी असेल तर तो तास एका बाळाच्या दराने, 12,000 भागिले 9, साधारण 1,300, त्याच घराने द्यायचा. गावाला गेलात तरी आपला वाटा पूर्ण. उचल मागितली तर दोघांनी मिळून द्या आणि एकाच वहीत लिहा. दोन्हीकडून वेगवेगळी दिली की फेडीचा घोळ होतो.

सिडको
आणि खाडा? महिन्याचे दोन पगारी, पुढचे कापायचे, हे आधी बोला. दिवाळीचा बोनस पण.

गंगापूर रोड
आमच्या मते दोन्ही बाळं सहा महिन्यांच्या आतली नकोत. एक झोपतं तेव्हा दुसरं उठतं, मावशीला जेवायला फुरसत नाही. एक रांगणारं आणि एक अडीच वर्षांचं, हे जमतं. फक्त मोठ्याचे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं (आपल्याकडे हंगामात घरोघरी!) धाकट्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

आजारपणाचा नियम कागदावर हवा: औषध न देता 24 तास ताप नसेल तरच बाळ आणायचं. जुलाब-उलट्या असतील तर घरीच. काढून ठेवलेलं आईचं दूध बाहेर 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस. बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ. पावडरचं दूध बाळाने तोंड लावल्यावर तासाभरात संपलं नाही तर ओतून द्यायचं. हे मावशीला तोंडी सांगून भागत नाही, फ्रिजवर मराठीत चिकटवा.

नाशिकरोड
संध्याकाळी द्वारका चौकात अडकलात की पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणून ऑफिस सुटायची वेळ सांगू नका, दारात पोचायची सांगा. पंधरा मिनिटं माफ, पुढे अर्ध्या तासाचे पैसे थेट मावशीच्या हातात.

म्हसरूळ
घर एक-एक महिना आलटून-पालटून ठेवा, म्हणजे गॅस-विजेचा हिशोब नको. डायपर, पुसणी, खाऊ ज्याचं त्याचं. मावशीचं आधार घेऊन जवळच्या पोलीस चौकीत नोंद करा, पण तिला आधी सांगून. पाठीमागे केलं तर ती दुखावते. तिचा अपघात विमाही काढून द्या. पंतप्रधान सुरक्षा विम्याचा हप्ता वर्षाला 20 रुपये, संरक्षण 2 लाखांचं, बँकेत खातं हवं. घरटी दहा रुपये आले, यात तरी भांडू नका.

सिडको
मावशी आली नाही तर बदली कोण, हे कोणीच लिहिलं नाही. मावशीलाच विचारा, तिची जाऊ नाहीतर शेजारीण असते. तिला महिन्यातून एक दिवस सोबत बोलवा, म्हणजे बाळं ओळखतात.