मेकॅनिकल मॉड (चिप नसलेली साधी ई-सिगारेट) दुपारपर्यंतच ढेपाळतो, सेल गेला का?

प्रश्न: मी मँचेस्टरला असतो. मेक मॉड घेतलाय, एकच १८६५० सेल (रिचार्जचा लिथियम सेल), वाफ करणारी कॉइल ०.३ ओहम. सकाळी चार्जरवरून काढला की जबरदस्त वाफ, दुपारी पार फुस्स, आणि मीटरवर मात्र अजून ३.६ व्होल्ट दाखवतंय, मग सेल खराब समजायचा का?

उत्तर: सेल ठीक आहे रे. यात व्होल्ट सांभाळणारी चिपच नाही, सेलचे व्होल्ट थेट कॉइलला. ४.२ ला जवळपास ५९ वॉट, ३.६ ला ४३ च, आणि बटण दाबल्यावर व्होल्ट अजून पडतात ते वेगळंच.

उत्तर: बटणाचा कॉन्टॅक्ट बघ आधी. माझा काळा पडलेला, स्पिरिटने पुसला तर लगेच फरक कळला.

उत्तर: फुल चार्जला १४ अँपिअर ओढतोयस तू, सेलचं कंटिन्युअस रेटिंग (सलग किती अँपिअर झेपतात ते) बघितलंस का? ३.५ व्होल्टच्या आसपास सेल काढून चार्जला लाव, हा मॉड स्वतःहून बंद होत नाही. आणि सुट्टीत भारतात आणू नकोस बाबा, तिथे २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे.

प्रश्नकर्ता: पुसला, सुधारलं. पण सेलचं प्लास्टिक वरच्या कडेला जरा फाटलंय, चालेल?

उत्तर: अजिबात नाही, आत्ता काढ बाहेर! शॉर्ट झाला तर मॉडची नळी हातात फुटेल.