मानेमुळे पाय दुखू शकतो का? लवकर सांगा

रानवाट_खानापूर
आईचे तळपाय दुखायलेत. गावातल्या डॉक्टरांनी टाचेचं म्हणून मऊ पॅड दिले, घालून काही फरक नाही. मग बेळगावात कमरेचा एक्स-रे काढला, वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले. आता शेजारचे म्हणतात मानेचं असणार. मान कुठं, पाय कुठं! भातकापणी तोंडावर आलीय, कापणीला दुसरं माणूस नाही. मानेमुळे पाय दुखतो का, हो की नाही? कुठल्या डॉक्टरला दाखवू?

शहापूरची_सून
वय किती ओ? शुगर आहे का? एक पाय की दोन्ही? टाच की सगळा तळवा? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार? माझी टाच दुखायची तेव्हा सकाळी पहिली चार पावलं टेकवायची नाहीत, नंतर सैल व्हायचं. तसं असेल तर ते पायाचंच. पायरीवर चवडे टेकून टाच खाली सोडायचा व्यायाम मी अजून करते. मान वगैरे काही नाही.

निपाणीकर
पायात काय घालतात? अथणीची कडक कोल्हापुरी चप्पल असेल तर तीच कारण. आमच्याकडे सगळ्यांना मऊ सोलची घ्यायला लावली, तक्रार बंद.

कृष्णाकाठ_अथणी
अथणीच्या चपलेला उगाच नावं ठेवू नका. घडवणाऱ्याकडून पाय मापून घेतलेली चप्पल चावत नाही. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर पण आहेत. बाजारातली रेक्झीनची नक्कल घालायची आणि दोष आम्हाला?

निपाणीकर
नक्कल नाही, अस्सल होती. तरी कडकच.

रानवाट_खानापूर
चपलेचं राहू द्या हो. आईचं वय ६१. दोन्ही पाय. टाच नाही, सगळा तळवा. मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं म्हणते. चप्पल पायातून सुटून उंबऱ्यातच राहते, ती अंगणात पोचते तरी तिला कळत नाही. शुगर नाही. आणि मान अजिबात दुखत नाही, म्हणून तर विचारायलोय.

गोकाकचा_पाव्हणा
आमच्याकडं एक म्हातारा आहे, मान दोन्हीकडं कट् करून मोडतो, नस मोकळी होते. माझ्या मेव्हण्याचा खांदा त्यानंच बसवला. डॉक्टर लोक एमआरआय काढून पैसे खातात. पत्ता पाठवतो.

कणा_ताठ
रानवाटदादा, कृपा करून तिकडं नेऊ नका. मी फिजिओ आहे. खांदा निखळणं वेगळं, हे वेगळं. मानेत ७ मणके, त्यातून नसांच्या ८ जोड्या निघतात, त्या मुख्यतः खांद्या-हाताकडं जातात. तिथली नुसती नस दबली तर हात दुखतो, पाय नाही. पण त्याच मणक्यांच्या आतल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि पायाचे सगळे निरोप त्यातूनच ये-जा करतात. वयानं मणक्यांमधली चकती मागं सरकली, हाड वाढलं की ती पोकळी अरुंद होते आणि रज्जूवर दाब येतो. मग पाय जड, बधिर होतात, तोल जातो. मान दुखेलच असं नाही. अशा मानेला झटका दिला तर आहे ते पण जाईल.
आता मला सांगा, हातांचं काय? बोटांनी बारीक काम होतं का? अंधारात चालताना भिंत धरतात का? मान खाली घातल्यावर पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं होतं का? आणि शुगर नाही म्हणजे तपासलीय, की नाही असं वाटतं?

गोकाकचा_पाव्हणा
शेकडो लोक बरे झालेत त्याच्याकडं.

कणा_ताठ
होऊ देत. ज्यांचा रज्जू दबलाय त्यांना हात लावू नये एवढंच म्हणणं आहे.

रानवाट_खानापूर
ताई, शुगर उन्हाळ्यात तपासलीय, नॉर्मल. हाताचं तुम्ही विचारल्यावर आईला विचारलं. ब्लाऊजचे हुक वहिनी लावून देते म्हणाली. भाकरी थापताना कड फाटते, पूर्वी कधी फाटायची नाही. न्हाणीत डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना झोक जातो, म्हणून एक हात भिंतीला. करंटचं नाही म्हणते. वैरणीचा भारा अजून डोक्यावरच आणते.

कणा_ताठ
भारा आजपासून बंद. हात आणि पाय दोन्ही बिघडलेत, तेव्हा आधी मान बघायची, कंबर नंतर. न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, मानेचा एमआरआय सांगतील. बी-१२ पण तपासा, ते कमी असलं तरी असाच तोल जातो. कापणी होईपर्यंत थांबू नका. दबलेला रज्जू जितका उशिरा मोकळा होतो तितकं कमी भरून येतं. लघवी आवरेना झाली किंवा पाय लुळे पडायला लागले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

माळमारुती_९०
खर्चाचं बघा. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र आधी घ्या. महाराष्ट्रानं पण सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना जाहीर केली होती, तर इकडच्या सरकारनं

संपादक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. इथं आईंच्या पायाबद्दलच लिहा.

शहापूरची_सून
टाचेचा व्यायाम केला तरी नुकसान नाही.

कणा_ताठ
तोल जाणाऱ्या बाईला पायरीवर चवड्यांवर उभं करू नका, ताई.

रानवाट_खानापूर
शिफारसपत्र उद्या घेतो, सोमवारी बेळगाव. कापणीला मामा यायलेत. एकच विचारतो, आई जोडवी काढायला तयार नाही, बोटात घट्ट बसलीत. एमआरआयला चालतील?

कणा_ताठ
धातू कुठलाच चालत नाही. मंगळसूत्र, हेअरपिना, हुकाचा ब्लाऊज, सगळं बाहेर. रात्री पाय उशीवर उंच ठेवा, सूज उतरली की साबणाच्या पाण्यानं फिरवत काढा. नाहीच निघाली तर सोनाराकडून कापून घ्या, पुन्हा डाग देऊन मिळतात. अंगात जुनी प्लेट, पेसमेकर काही असेल तर आत जायच्या आधी सांगा.