संगीत नाटकावर सिनेमा काढायचा तर नटाला गाता आलंच पाहिजे, पटतंय काय?

शहापूरचा पेटीवाला:
मराठी संगीत नाटक उभं करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांवर वेबसिरीज यायला पाहिजे म्हणून आमच्या गल्लीत सगळे बोलूलालेत. माणूस गुर्लहोसूरचा, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला, १८८० ला पुण्यात शाकुंतल नाटक आणि १८८२ ला सौभद्र, मग काढा की. पण नट गाणारा पाहिजे, ओठ हलवणारा नको. संगीत नट बोलता बोलता सूर धरतो, तबलजी त्याच्या तोंडाकडं बघून ठेका सोडतो, ती गंमत आधीच रेकॉर्ड केलेल्या गाण्यात कुठनं येणार? तान चाललीय वरच्या सा ला आणि मानेची शीर पण हलत नाही, असलं बघवत नाही मला तरी.

टिळकवाडी९०:
काका तुमची अट लावली तर निम्मे सिनेमे निघालेच नसते. बालगंधर्व (२०११) मध्ये चेहरा सुबोध भावेचा आणि गळा आनंद भाटेंचा, भाटेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याचा. कट्यार काळजात घुसली (२०१५) मध्ये खाँसाहेब सचिन पिळगांवकर, आवाज राहुल देशपांडेचा. थेटरात कुणी उठून विचारलं काय की गातोय कोण? रडूलाले होते लोक.

शहापूरचा पेटीवाला:
रडले ते गाण्यामुळं रे बाळा. तोच राहुल 'मी वसंतराव' सिनेमात स्वतः उभा राहिला, आजोबाचं काम नातवानं केलं, तिथं श्वास कुठं घेतला ते दिसतं. दोन्ही लागोपाठ बघ आणि मग सांग.

निपाणीची वैनी:
प्रत्येक गवयाला गाणारा नातू कुठनं आणायचा भावजी 😄

गोकाक रोड:
थोडं कडू बोलतो. गाणारा नट म्हणजे पडद्यावर जमणारच असं कुणी सांगितलं? खुद्द बालगंधर्वांनी १९३५ ला प्रभात कंपनीच्या धर्मात्मा सिनेमात एकनाथांचं काम केलं, शांतारामबापू दिग्दर्शक, तरी ते नातं पुढं टिकलं नाही. समोर माणसं नाहीत, वन्समोअर नाही, गाणार कुणासाठी? आणि सिरीज काढणारच असाल तर एक करा, आमच्याकडचं श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य दाखवा त्यात. कौजलगी निंगम्मांसारख्या बाईनं गाजवलेला खेळ, रात्रभर गाणं, कन्नड असलं म्हणून काय झालं. पारशी लोकांचं इंदरसभा नाटक बघून शाकुंतल सुचलं हे सगळे सांगतात, पण गुर्लहोसूरच्या पोराच्या कानावर लहानपणी काय पडलं असेल ते पण बघा की.

टिळकवाडी९०:
+१, पारिजात पाहिजेच. पण मग बजेट कोण देणार, आणि भाषेवरनं भांडण लागलं की सिरीज डब्यात.

निपाणीची वैनी:
मला वेगळंच वाटतं. शाकुंतलात २०० च्या वर पदं आहेत, सिनेमात दहा पण बसायची नाहीत, म्हणून सिरीजच बरी. पण किर्लोस्करांच्या नाटकात बायकांची कामं करणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांचं काम करणार कोण? बाप्या माणसानं शकुंतला व्हायचं, वर तसली उंच पट्टी लावायची. असा नट शोधण्यात तीन वर्षं जातील, त्यापेक्षा गळा दुसऱ्याचा घ्या आणि मोकळे व्हा.

शहापूरचा पेटीवाला:
वैनी, उलट भाऊरावांमुळंच सोपं झालंय. ते १९०१ ला गेले आणि आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या निघायला लागल्या १९०२ ला, म्हणजे भाऊराव कसे गायचे ते आज जिवंत असलेल्या एकानंही ऐकलेलं नाही. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी घराघरांत आहेत, तिथं जरा इकडं तिकडं झालं की लोक मारतात, म्हणून भाटेंसारखा त्याच गायकीतला गळा लागला, ते मान्य. इथं नक्कल करायला काही शिल्लकच नाही. मग चांगल्या गळ्याचा, स्टेजवर उभं राहायची सवय असलेला कुठलाही पोरगा घ्या, ऑर्गन तबला समोर बसवा आणि गातानाच शूट करा. बेसूर झाला तर परत घ्या, त्याला रिटेक म्हणतात ना.

गोकाक रोड:
रिटेकला पण पैसे पडतात काका. आणि समोर माणसं कुठली बसवणार?

शहापूरचा पेटीवाला:
लोकमान्य रंगमंदिरात शूटिंग ठेवा आणि गल्लीत सांगा, फुकट म्हटल्यावर वडगाव अनगोळ सगळं येतंय.