सायकलवाल्याला धडक बसली, तर रस्त्यावरच मिटवून टाकायचं का?

कर्वेनगरचा सायकलवाला (धागा सुरू करणारा)

आमच्या गल्लीत पेपर टाकणारे काका आहेत, वय ४६. सात आठवड्यांपूर्वी पहाटे सव्वापाचला पुण्यात म्हात्रे पुलाच्या अलीकडे त्यांच्या सायकलला मागून टेम्पोनं धडक दिली. ड्रायव्हर पळाला नाही, थांबला. त्यानं काकांना उठवून बसवलं, पाणी दिलं. चार माणसं जमली आणि आपल्याकडे नेहमी होतं तेच झालं. “काका, कुठं पोलीस चौकीच्या नादाला लागता, मिटवून टाका.” पाच हजार रुपये हातात आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशी चिठ्ठी. काकांनी सही केली, वाकडं चाक ओढत लाईन (पेपर वाटपाचा फेरा) पूर्ण केली आणि घरी गेले.

संध्याकाळी हात वर होईना. एक्स-रेत खांद्याचं हाड मोडलेलं निघालं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. आज काकांना पेपरचा गठ्ठा उचलता येत नाही. चिठ्ठीवर लिहिलेला मोबाईल बंद आहे आणि टेम्पोचा नंबर कोणीच टिपला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे की हाडाला मार आहे की नाही हे कळायच्या आत कोणीही रस्त्यावर मिटवू नये. सायकलवाल्याकडे लायसन्स नाही, विमा नाही, म्हणून त्याला हक्कही नाही असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात मोटार वाहन कायद्यानं प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे, तो रस्त्यावरच्या अशाच माणसांसाठी. आपली माणसं आपला हक्क पाच हजारांत देऊन टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

धनकवडीकर

काकांबद्दल वाईट वाटलं, पण तुमचा सल्ला मला पटत नाही. माझ्या वडिलांना सातारा रस्त्यावर गाडीनं उडवलं होतं. आम्ही सगळं रीतसर केलं, एफआयआर, पंचनामा, वकील, शिवाजीनगर कोर्टात क्लेम. प्रकरण संपायला सहा वर्षं लागली. तोवर ऑपरेशनचं कर्ज आम्हीच फेडलं. दर तारखेला माझा एक खाडा.

हातावर पोट असलेल्या माणसाला आज दवाखान्याचं बिल भरायचं असतं. त्याला सहा वर्षांनंतरच्या पाच लाखांपेक्षा आजचे पंचवीस हजार जास्त उपयोगी पडतात. आणि टेम्पोवालाही आपल्यासारखाच, गाडीच्या हप्त्यात बुडालेला. त्याच्यामागे पोलीस लावून काय मिळवायचं?

कर्वेनगरचा सायकलवाला

दादा, तुमच्या घरानं जे सोसलं ते मी नाकारत नाही. पण क्लेमचे पैसे टेम्पोवाल्याच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी देते. त्याची दया आली म्हणून काकांनी पाच हजार घेतले. ते पाच हजार मात्र खरोखर त्याच्या खिशातले होते, आणि ज्या कंपनीनं त्याच्याकडून वर्षानुवर्षं हप्ता घेतला तिला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

शिवाजीनगरची वकील

मी अपघाताचे दावे चालवते. धनकवडीकर दादांचा अनुभव खरा आहे, दावे रेंगाळतात. पण कायदा मधल्या काळात बदललाय आणि तो बदल लोकांपर्यंत पोचलेला नाही.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला (अपघाताचे दावे ऐकणारं कोर्ट) आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. हे सगळं घडतं ते पोलिसांत नोंद असेल तरच. चिठ्ठीवर मिटवलं की ही साखळी सुरूच होत नाही.

चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी भरपाईही आहे, कलम १६४ खाली. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यू झाल्यास पाच लाख. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच. त्याहून मोठी रक्कम हवी तर कलम १६६, तिथं चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

काकांचाच हिशेब मांडू. समजा महिन्याची कमाई १८,००० आणि खांद्यामुळे कमावण्याची ताकद २० टक्क्यांनी घटली. वर्षाचे २,१६,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात २५ टक्के मिळवायचे. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे ४६ ते ५० वयाला गुणक १३, म्हणजे तेरा वर्षांची कमाई धरायची, ३५,१०,०००. त्याचे २० टक्के म्हणजे ७,०२,०००. उपचारांचा खर्च, बुडालेले दिवस, वेदनांची भरपाई आणि मोडलेली सायकल यात धरलेली नाही. पाच हजार कुठे आणि हे कुठे!

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवरचा अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार प्रकरणात (२०१०) हेच सांगितलं. डावा हात गेला तर सुताराचा धंदाच बुडतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून काका पेपरचा गठ्ठा उचलून पोट भरतात हे कोर्टापुढे नीट आलं पाहिजे. विक्रेत्याची वही, गिऱ्हाईकांचे जबाब, जे असेल ते.

रोज गाडीनं ऑफिस

मला कडू बोलावं लागेल. कर्वे रोडला रोज बघतो. उलट्या दिशेनं येणारे, सिग्नल न पाळणारे, रात्री मागे साधा लाल रिफ्लेक्टरही नसलेले सायकलवाले. मोठ्या गाडीचीच चूक असं आधीच ठरलेलं असतं, जमाव गाडीवाल्याला घेरतो. पहाटे सव्वापाचला अंधार असतो. काकांच्या सायकलला दिवा होता का, हे कोणीच का विचारत नाही?

कर्वेनगरचा सायकलवाला

दिवा नव्हता. रिफ्लेक्टर होता. तुमचा प्रश्न रास्त आहे म्हणून खरं सांगतोय. पण मागून येणाऱ्यानं पुढचं दिसेल इतक्याच वेगात चालवायला हवं ना?

शिवाजीनगरची वकील

याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. सायकलस्वाराचीही चूक सिद्ध झाली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, पूर्ण जात नाही. तीस टक्के चूक ठरली तर तीस टक्के कापले जातात. आणि ती चूक पुराव्यानं दाखवायची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर असते. ‘सायकलवाले असेच’ हा पुरावा नाही. हेल्मेटचंही तेच. कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे, साध्या सायकलला त्याची सक्ती नाही. तरी घाला, डोकं आपलं आहे.

रोज गाडीनं ऑफिस

प्रमाणात कापतात हे माहीत नव्हतं. ते न्यायाचं वाटतं. पण उलट बाजूनंही बोला. सायकलवाल्यानं माझ्या आईला फुटपाथवर धडक दिली तर?

शिवाजीनगरची वकील

साधी सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे दावा न्यायाधिकरणाचा रस्ता तिथं बंद. पोलीस तक्रार होते आणि भरपाईसाठी दिवाणी कोर्ट. सायकलला विमा नसल्यानं वसुली अवघड जाते. या बाबतीत तुमची तक्रार योग्य आहे.

सिंहगड रोडची ताई

माझ्या पडण्यात गाडीच नव्हती. भाजी घेऊन येताना पावसाच्या पाण्याखालचा खड्डा दिसला नाही, मनगट मोडलं. घरचे म्हणाले, तुला कोणी सांगितलं सायकल चालवायला. मी काही कमवत नाही, मग माझं नुकसान शून्यच धरणार ना?

शिवाजीनगरची वकील

मुळीच नाही, ताई. घरकामाला किंमत आहे हे सर्वोच्च न्यायालयानं अरुण कुमार अग्रवाल प्रकरणात २०१० सालीच मान्य केलंय. खड्ड्यासाठी तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश आहे. खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं मृत्यू झाला तर सहा लाख, दुखापतीला तिच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीनं ते ठरवायचं. खड्ड्याचा फोटो, तारीख आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टातच आहे आणि महिलांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

धनकवडीकर

ताईंचं वाचून गप्प बसवेना. मी मिटवू नका म्हणणाऱ्यांच्या विरोधात होतो आणि अजूनही आहे, फक्त मिटवायची जागा बदलतो. वडिलांचा दावा शेवटी लोकअदालतीतच मिटला. ते आम्ही दुसऱ्याच वर्षी करू शकलो असतो, कोणी सांगितलं नाही. तडजोडीत मला गैर काही दिसत नाही, कागद हातात असताना करावी. पण नुसतं खरचटलं, चाक वाकलं, तिथं माणसाला चौकीत बसवून ठेवू नका. माझं एवढं मत कायम राहील.

कर्वेनगरचा सायकलवाला

खरचटलंय की आत मोडलंय हे रस्त्यावर कळत नाही, काकांनी तर लाईन पूर्ण केली होती! म्हणून निदान गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो, आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवून एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या जखमेची) नोंद. याला अर्धा दिवस जातो. त्याहून कमी मला मान्य नाही.

वकीलताई, काकांचं आता काय होऊ शकतं?

शिवाजीनगरची वकील

दावा दाखल करायची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी तुम्ही त्या भरवशावर राहू नका. सात आठवडेच झालेत. उशीर का झाला हे लिहून आजच तक्रार द्या. संध्याकाळी मोडलेलं निघालं हे कारण कागदावर दिसतं. चिठ्ठी लपवू नका, तिच्यावरचं नाव आणि मोबाईल नंबर हाच सध्या गाडीपर्यंत पोचायचा धागा आहे. विमा कंपनीचा वकील ती चिठ्ठी काकांविरुद्ध दाखवेल, त्याला उत्तर देता येतं.

प्रयत्न करूनही गाडी सापडलीच नाही, तर कायद्याच्या व्याख्येत तो ‘हिट अँड रन’ ठरू शकतो, मग चालक थांबलेला का असेना. गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. रक्कम तुटपुंजी आहे, म्हणून आधी गाडी शोधा.

ही माहिती पुढच्यांसाठी: गाडीच्या धडकेतल्या जखमीला २०२५ च्या कॅशलेस योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार मिळतात. तिथंही पोलिसांची नोंद लागतेच.

कर्वेनगरचा सायकलवाला

काकांना घेऊन आज चौकीत जाऊन आलो. तक्रार घेतली. पुलाजवळच्या एका दुकानदारानं कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग शोधतो म्हणून सांगितलंय, राहिलं असेल की नाही ते उद्या कळेल. धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी पहाटे म्हात्रे पुलावरून चालायला जात असेल, तर पांढरा छोटा टेम्पो, डावीकडचा पुढचा दिवा फुटलेला, मागे निळी ताडपत्री. दिसला असेल तर इथंच लिहा, नंबरचे शेवटचे दोन आकडे आठवत असतील तरी चालेल.